डिस्कला झोप द्या, डुलक्या नकोत

प्रश्न : जुन्या डेस्कटॉपला दोन ट्यूनरचं कार्ड लावून मी घरी टीव्ही रेकॉर्डर तयार केला आहे. लिनक्स आणि मिथटीव्ही (टीव्ही रेकॉर्ड करणारं सॉफ्टवेअर) वापरतो. २ टीबीची एकच ‘ग्रीन’ डिस्क आहे, सगळं तिच्यावरच. वीज वाचावी आणि डिस्कही टिकावी म्हणून ५ मिनिटं काम नसलं की ती थांबेल अशी सेटिंग केली. आता रात्री शांततेत थोड्या थोड्या वेळानं ‘टक्’ असा आवाज येतो. आईच्या मालिकेची सुरुवात रेकॉर्डिंगमध्ये तुटते. स्मार्टचे (डिस्क स्वतःच्या प्रकृतीच्या ज्या नोंदी ठेवते त्यांचे) आकडे काढले तर लोड सायकल काउंट १,८४,०००, स्टार्ट स्टॉप काउंट ९,३०० आणि पॉवर ऑन अवर्स ११,२०० दिसतात. एक मित्र म्हणतो डिस्क कधीच थांबवू नकोस. दुसरा म्हणतो चोवीस तास फिरवलीस तर लवकर जाईल. मी काय करू?

उत्तर : तुम्ही तिन्ही आकडे पाठवलेत हे फार बरं केलंत. त्यामुळे अंदाजानं बोलायची गरज उरली नाही. आधी त्यांचाच हिशेब करू.

११,२०० तास म्हणजे साधारण ४६७ दिवस. १,८४,००० ला तासांनी भागलं की तासाला १६ च्या वर येतात. म्हणजे दर साडेतीन-पावणेचार मिनिटांनी एकदा, दिवसरात्र, तुमच्या डिस्कनं हेड्स (वाचणारी-लिहिणारी टोकं) बाजूला नेऊन ठेवली आणि पुन्हा तबकड्यांवर आणली. या वर्गातल्या डिस्कांना उत्पादक सहसा ३,००,००० लोड सायकलची मर्यादा देतात. त्यातल्या १,१६,००० उरल्या, आणि आताच्या वेगानं त्या दहा महिन्यांच्या आत संपतील. मर्यादा संपली त्या दिवशी डिस्क बंद पडते असं अजिबात नाही, मर्यादेच्या कितीतरी पुढे जाऊनही चालणाऱ्या डिस्क असतात. पण दीड वर्षाच्या आत साठ टक्के आयुष्य या एकाच कामात खर्च झालं, आणि त्यातलं जवळजवळ काहीच टीव्ही रेकॉर्ड करण्यासाठी लागलेलं नाही. हे थांबवता येतं.

दुसरा आकडा ९,३००, म्हणजे मोटर थांबून पुन्हा फिरू लागल्याची मोजणी. तो दिवसाला वीसच्या आसपास जातो. तुमच्या घरी रोज काही वीस कार्यक्रम रेकॉर्ड होत नसणार. मग वीस वेळा तिला उठवलं कुणी? माझ्या मते तुमच्या पत्रातला खरा प्रश्न हा आहे. तुमचे दोघे मित्र ‘झोपवायची की नाही’ यावर वाद घालताहेत, पण झोपलेली डिस्क उठवतं कोण आणि किती वेळा, हे कुणीच पाहिलेलं दिसत नाही. लांब झोप मिळत असेल तर डिस्कला जरूर झोपवा. ती मिळणार नसेल तर सरळ फिरती ठेवा. या दोन्हींच्या मधलं, पाच मिनिटांनी थांबायचं आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा उठायचं, हे सगळ्यात वाईट. झोप लागते न लागते तोच हाक मारून उठवलेल्या माणसासारखी तिची गत होते.

आता तो ‘टक्’. डिस्कमध्ये विश्रांतीच्या दोन वेगळ्या पायऱ्या असतात आणि लोक त्यांची सरमिसळ करतात. पहिल्या पायरीत तबकड्या फिरतच राहतात, फक्त हेड्स उचलून कडेच्या उतारावर नेऊन ठेवली जातात. याला पार्किंग म्हणतात. हवेचा विरोध थोडा कमी होतो, थोडी वीज वाचते. दुसऱ्या पायरीत मोटरच थांबते, तिला स्टँडबाय म्हणतात. तुम्ही लावलेली ५ मिनिटांची मुदत दुसऱ्या पायरीची आहे. रात्रीचा आवाज मात्र पहिल्या पायरीचा आहे आणि तिचा तुमच्या सेटिंगशी काही संबंध नाही. वेस्टर्न डिजिटलच्या ‘ग्रीन’ डिस्कांमध्ये पार्किंगची मुदत कारखान्यातूनच ८ सेकंदांची ठेवलेली असायची. ८ सेकंद कुणी काही मागितलं नाही की हेड्स कडेला.

साध्या घरगुती संगणकात हे चालून जातं. रेकॉर्डरमध्ये मात्र याचा थेट त्रास होतो, कारण लिनक्स लिहायचा मजकूर लगेच डिस्कवर टाकत नाही. तो मेमरीत साठवतो, दर ५ सेकंदांनी तपासतो आणि ३० सेकंदांहून जुना झालेला मजकूर खाली उतरवतो. एखादा लॉग, डेटाबेसमधली एखादी नोंद, असं काहीतरी थोडं थोडं येतच असतं. दोन लेखनांमध्ये ८ सेकंदांहून जास्त अंतर पडलं की हेड्स कडेला जातात, आणि लगेच पुढचं लेखन येतं म्हणून परत येतात. रात्रभर तुम्ही ऐकता ते हेच.

यावर उपाय आहे आणि तो एकदाच करायचा आहे. आयडल३-टूल्स नावाचं पॅकेज घ्या. त्यातल्या आज्ञेनं आधी सध्याची मुदत वाचून कागदावर लिहून ठेवा आणि मग ती बंद करा किंवा ३०० सेकंदांवर न्या. मी ३०० सेकंद निवडेन. त्यानं पार्किंग पूर्ण जात नाही, पण या बारीक अंतरांतला खेळ थांबतो. दोन गोष्टी मात्र लक्षात असू द्या. हे साधन डिस्कच्या उत्पादकानं दिलेलं नाही, बाहेरच्या लोकांनी डिस्कचं वागणं अभ्यासून लिहिलेलं आहे. म्हणून हात लावण्याआधी जे गमवायचं नाही त्याची प्रत दुसरीकडे काढा. आणि बदल लागू होण्यासाठी संगणक रीस्टार्ट करून भागत नाही. डिस्कची वीज पूर्ण तुटावी लागते, म्हणजे मशीन बंद करून प्लग काढायचा. ‘केलं पण काही फरक पडला नाही’ म्हणणाऱ्या बहुतेकांनी हेच केलेलं नसतं.

तुमची डिस्क दुसऱ्या कंपनीची निघाली तर हे साधन चालणार नाही. तिथे एचडीपार्म या डिस्कला सूचना देणाऱ्या आज्ञेला कॅपिटल बी आणि पुढे २५४ द्या. हा आकडा १ ते १२७ असेल तर डिस्क मोटरही थांबवू शकते. १२८ ते २५४ मध्ये मोटर थांबत नाही, आणि २५४ ला डिस्क सगळ्यात कमी काटकसर करते. २५५ म्हणजे ही सोयच बंद, पण प्रत्येक डिस्क ते मान्य करत नाही.

आवाज गेला तरी निम्मंच काम झालं. आता उठवणारे शोधू.

एक दिवस असा निवडा की दुपारी काही रेकॉर्डिंग नाही. फॅटरेस नावाचं छोटं साधन सुरू करून तासभर चालू द्या. कोणत्या प्रोग्रॅमनं कोणत्या फाइलला हात लावला हे ते ओळीओळीनं छापतं. फक्त त्याची नोंद या डिस्कवर लिहू नका, पेन ड्राइव्हवर किंवा मेमरीतल्या फोल्डरात लिहा, नाहीतर शोधणाराच उठवणारा होऊन बसेल. तुमच्या मांडणीत काय सापडेल हे मी आजच बऱ्यापैकी सांगू शकतो. सिस्टिमचे लॉग असतील. मिथटीव्हीचा डेटाबेस असेल, कारण कार्यक्रमपत्रिका आली, वेळापत्रक पुन्हा जुळवलं, प्रत्येक वेळी त्यात लिहिलं जातं. रेकॉर्डिंग संपल्यावर जाहिराती शोधणारं काम चालू असेल तर ते आख्खी फाइल पुन्हा वाचतं. रोज एकदा सगळ्या फाइलींची यादी बनवणारं अपडेटडीबी असेल, त्याला रेकॉर्डिंगच्या फोल्डरात शिरू नको असं त्याच्या सेटिंगमध्ये सांगता येतं.

आणि एक असा आहे जो फॅटरेसमध्ये दिसतच नाही, कारण तो फाइल उघडत नाही. तो म्हणजे स्मार्टडी, डिस्कची प्रकृती पाहणारा. त्याची मूळ सवय दर ३० मिनिटांनी तपासण्याची असते. त्याच्या कॉन्फिग फाइलमध्ये तुमच्या डिस्कच्या ओळीत छोटा एन आणि पुढे स्टँडबाय हा शब्द लिहा, म्हणजे झोपलेल्या डिस्कला तो उठवणार नाही. इतक्यावरच थांबू नका. काही डिस्कांवर ही तपासणी झोपेची मुदत पुन्हा शून्यापासून मोजायला लावते. मुदत एक तासाची आणि तपासणी दर अर्ध्या तासानं, अशी जोडी झाली तर ती डिस्क कधीच झोपत नाही आणि दोष भलत्यालाच दिला जातो. तपासणीचं अंतर दोन तासांचं करा. घरच्या डिस्कला तेवढं पुरतं.

अजून एक कारण सॉफ्टवेअरमधलं नाही, घरातलं आहे. रात्री टीव्ही त्याच्या रिमोटनं बंद होतो, रेकॉर्डर नाही. तो लाइव्ह टीव्हीवरच राहिलेला असतो आणि मागे जाऊन पाहता यावं म्हणून चालू वाहिनी सकाळपर्यंत डिस्कवर लिहीत बसतो. दर सेकंदाला ८ मेगाबिटची वाहिनी धरली तर तासाला ३.६ जीबी होतात, रात्रीच्या आठ तासांत २९ जीबीच्या आसपास, आणि त्यातलं कुणीही काही पाहणार नाही. झोपण्याआधी लाइव्ह टीव्हीतून बाहेर पडून मेनूवर या, एवढं घरातल्या सगळ्यांना सांगा. ते कुणाच्या लक्षात राहत नसेल तर रिमोटचं काही तास बटण दाबलं गेलं नाही की लाइव्ह टीव्हीतून बाहेर पडण्याची सोय वापरा.

हे सगळं केलं तरी एक मूळ अडचण राहते. सिस्टिम, डेटाबेस, लॉग आणि रेकॉर्डिंग एकाच डिस्कवर असतील तर तिला लांब झोप मिळणं जवळजवळ अशक्य आहे. म्हणून एका गोष्टीसाठी मी आग्रह धरतो. एक लहान एसएसडी (फिरते भाग नसलेली डिस्क) घ्या आणि रेकॉर्डिंग सोडून बाकी सगळं तिच्यावर हलवा. १२० जीबीसुद्धा भरपूर होते. मिथटीव्हीत स्टोरेज ग्रुप (कोणत्या फाइली कुठे ठेवायच्या याचे गट) असतात, त्यातला लाइव्ह टीव्हीचा ग्रुप एसएसडीवर नेता येतो. रोज चार तास लाइव्ह टीव्ही पाहिला तर वर्षाला सव्वापाच टीबी लिहिले जातील, चांगल्या एसएसडीला एवढं लेखन कित्येक वर्षं पेलतं. मग मोठी डिस्क दोनच कारणांसाठी उठेल. रेकॉर्डिंग सुरू झालं तर, किंवा कुणी साठवलेलं पाहायला बसलं तर. ती माउंट करताना (सिस्टिमला जोडताना) नोएटाइम हा पर्याय द्या, म्हणजे फाइल नुसती पाहिल्याची नोंद करण्यासाठीही लेखन होणार नाही. नव्यानं फॉरमॅट करताना ईएक्सटी४ ही फाइलींची मांडणी निवडलीत तर पहिले काही तास ती मागे स्वतःची मांडणी पूर्ण करत राहते आणि आवाज येतो. तो थांबेपर्यंत निष्कर्ष काढू नका.

एवढं झाल्यावरच मुदतीकडे वळा. एचडीपार्ममध्ये ती कॅपिटल एसनं देतात आणि त्याचे आकडे समजून घेतल्याशिवाय वापरू नयेत. १ ते २४० पर्यंत प्रत्येक अंक ५ सेकंदांचा, म्हणजे तुमचे ५ मिनिटं हे ६०, आणि २४० म्हणजे २० मिनिटं. २४१ पासून हिशेब बदलतो, प्रत्येक पाऊल अर्ध्या तासाचं होतं. २४१ म्हणजे अर्धा तास, २४२ म्हणजे एक तास, २४४ म्हणजे दोन. शून्य दिलं तर मुदतच नाही.

तुमच्यासाठी २४२. कारण सांगतो. संध्याकाळी एक कार्यक्रम संपतो, अर्ध्या तासानं दुसरा रेकॉर्ड व्हायचा असतो, मध्ये कुणीतरी कालचं काहीतरी लावतं. या वेळात डिस्क थांबूच नये. एक तासाची मुदत संध्याकाळ सलग जागी ठेवते आणि रात्रीची झोप सलग मिळवून देते. दिवसात दोन-तीनदा उठणं झालं तरी वर्षाला हजारच्या आसपास जातं, त्याची काळजी नको.

ही सेटिंग वीज गेल्यावर डिस्क विसरते. डेबियन किंवा उबुंटू असेल तर ती एचडीपार्मच्या कॉन्फिग फाइलमध्ये लिहा, आणि तिथे डिस्कचं एसडीए-एसडीबी असं नाव देऊ नका. एसएसडी जोडल्यावर ही नावं अदलाबदल होऊ शकतात आणि झोपेची आज्ञा भलत्याच डिस्कला जाते. डिस्कच्या अनुक्रमांकावर आधारलेलं बाय-आयडी नाव वापरा. डिस्क झोपली की नाही हे पाहायला कॅपिटल सी आहे, त्यानं ती उठत नाही. कॅपिटल वाय मात्र टाळा. ती इतकी खोल झोप आहे की उठवायला रीसेट लागतो, आणि रेकॉर्डरमध्ये तो धोका घेण्यासारखा नाही. डिस्क यूएसबीच्या डब्यात असेल तर हे आदेश अनेकदा तिच्यापर्यंत पोचतच नाहीत. तिथे एचडी-आयडल हे डिस्क झोपवणारं साधन वापरून पाहा.

आता तुमच्या आईची मालिका. त्यांची तक्रार मला या सगळ्यात सर्वात महत्त्वाची वाटते, कारण रेकॉर्डर घरात कशासाठी आहे ते त्यातून कळतं. विजेचा किंवा डिस्कच्या आयुष्याचा कोणताही फायदा मालिकेची पहिली मिनिटं गमावण्याइतका मोठा नाही. थांबलेली मोठी डिस्क पूर्ण वेगात यायला बहुतेक वेळा पाच ते दहा सेकंद लागतात, कधी जास्त. तेवढ्या वेळात ट्यूनरकडून येणारा प्रवाह थांबत नाही. ८ मेगाबिटच्या हिशेबानं दहा सेकंदांचे दहा एमबी होतात, मेमरीला ते काहीच नाही, पण सॉफ्टवेअरचा बफर लहान असेल किंवा त्याच क्षणी डेटाबेसही त्याच झोपलेल्या डिस्कची वाट पाहत असेल तर सुरुवात निसटते. तुमच्याकडे दोन्ही एकाच डिस्कवर आहेत, त्यामुळे तसंच होत असावं. एसएसडी आल्यावर बराच फरक पडेल.

तरीही रेकॉर्डिंग लवकर सुरू करा. मिथटीव्हीत याची दोन ठिकाणं आहेत आणि ती सारखी नाहीत. सगळ्या रेकॉर्डिंगना लागू होणारी जी ‘आधी सुरू करा’ सेटिंग सेकंदांत असते, ती ट्यूनर मोकळा नसेल तर गुपचूप सोडून दिली जाते. प्रत्येक कार्यक्रमाच्या नियमात मिनिटांत देता येणारी वेगळी सेटिंग आहे, ती वेळापत्रक पाळतं. आईच्या मालिकेच्या नियमात तिथे दोन मिनिटं लिहा. दोन ट्यूनर आहेत, त्यामुळे अडचण येऊ नये.

ठरावीक वेळेला डिस्क आधी उठवायची असेल तर क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या सोयीतून) तसं करता येतं, पण एखादी फाइल वाचून नाही. ती फाइल मेमरीतूनच मिळते आणि डिस्क झोपलेलीच राहते. डीडी या मजकूर कॉपी करणाऱ्या आज्ञेला डायरेक्ट पद्धतीनं डिस्कवरचा एक ब्लॉक वाचायला सांगा, मग ती नक्की उठते. वीज वाचवण्यासाठी मेमरीतला मजकूर दहा-दहा मिनिटं साठवून एकदम लिहिण्याची युक्तीही लोक सुचवतात. लॅपटॉपसाठी ती ठीक आहे. रेकॉर्डरमध्ये वीज गेली की तेवढं रेकॉर्डिंग गेलं, म्हणून तिच्या वाटेला जाऊ नका.

विजेबद्दल मोकळेपणानं सांगतो, कारण तुमची सुरुवात तिथून झाली होती. अशी डिस्क नुसती फिरताना ४ वॉटच्या आसपास घेते, थांबल्यावर एका वॉटपेक्षा कमी. रोज १८ तास झोपवली तर वर्षाला फार तर २६ युनिट वाचतील. पण तिच्याभोवतीचा जुना डेस्कटॉप नुसता बसून सहज ५० वॉट खातो. तेच १८ तास तो बंद राहिला तर वर्षाला ३२८ युनिट होतात. वीज हा तुमचा खरा हेतू असेल तर मेहनत डिस्कवर नाही, आख्ख्या मशीनवर घ्यायला हवी. मिथटीव्हीत काम नसताना मशीन बंद करून पुढच्या रेकॉर्डिंगच्या आधी ते आपोआप चालू करण्याची सोय आहे. ती मदरबोर्डवरच्या घड्याळाचा गजर लावते. बायॉसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) घड्याळानं चालू होण्याची परवानगी द्यावी लागते. मशीन दहा मिनिटं आधी उठेल असं ठेवा. सस्पेंडपेक्षा पूर्ण बंद करणं मला जास्त भरवशाचं वाटतं, कारण सस्पेंडमधून उठल्यावर ट्यूनरचा ड्रायव्हर कधीकधी नीट जागा होत नाही, आणि ते सकाळी रिकामी फाइल पाहिल्यावरच कळतं. सुरुवातीला आठवडाभर बिनमहत्त्वाच्या कार्यक्रमांवर करून पाहा. हे जमलं तर डिस्कची झोप वेगळी सांभाळावीच लागत नाही, मशीनबरोबर तीही बंद होते.

तुमच्या मित्रांना दाखवायला एक गोष्ट. २००७ साली गूगलच्या अभियंत्यांनी त्यांच्याकडच्या एक लाखाहून जास्त डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दोन वर्षांपर्यंतच्या डिस्कांमध्ये चालू-बंद होण्याचा आणि बिघडण्याचा ठळक संबंध त्यांना दिसला नाही. तीन वर्षं आणि त्याहून जुन्या डिस्कांमध्ये जास्त वेळा चालू-बंद झालेल्यांचं बिघडण्याचं प्रमाण दोन टक्क्यांहून अधिक वाढलेलं दिसलं. तिथेही त्यांनी लिहिलं की आधीच बिघडत चाललेली मशीन दुरुस्तीसाठी वारंवार बंद केली जातात, त्यामुळे हे कारण नसून परिणामही असू शकेल. त्यांच्या डिस्क सतत चालणाऱ्या होत्या, तुमची घरातली आहे. पण दोघा मित्रांपैकी कुणाचंच म्हणणं इतकं ठामपणे म्हणण्यासारखं नाही, एवढं त्यावरून नक्की कळतं.

तुमच्या डिस्कची उरलेली प्रकृती पाहण्यासाठी स्मार्टमधल्या ५, १९७ आणि १९८ या ओळींचा (खराब किंवा संशयास्पद जागांच्या मोजणीचा) शेवटचा रकाना पाहा. तिन्ही शून्य असतील तर तिला वापरत राहा. १९७ किंवा १९८ शून्य नसेल, किंवा ५ चा आकडा आठवड्यागणिक वाढत असेल, तर नवी घ्या. नवी घेताना कॅमेऱ्यांच्या सततच्या लेखनासाठी बनवलेली घ्या, वेस्टर्न डिजिटलची पर्पल किंवा सीगेटची स्कायहॉक अशा प्रकारची. त्या न थांबता लिहिण्यासाठीच केलेल्या असतात, आणि त्यांना झोपवायच्या भानगडीत न पडलेलं उत्तम. तापमान चाळिशीच्या आत राहील एवढी हवा खेळती ठेवा.

क्रम असा धरा. आजच ५ मिनिटांची मुदत शून्य करा, त्यानं मालिकेची सुरुवात तुटणं लगेच कमी होईल. मग आईला ठेवायच्या असलेल्या भागांची प्रत काढा. त्यानंतर पार्किंग, मग एसएसडी, आणि मुदत पुन्हा लावायची ती सगळ्यात शेवटी. सगळं झाल्यावर आठ दिवस थांबा आणि ४ (स्टार्ट स्टॉप काउंट) आणि १९३ (लोड सायकल काउंट) या दोन ओळींचे आकडे मला कळवा. पहिला रोज तीन-चारनं आणि दुसरा दहाच्या आत वाढत असेल तर आणखी काही करू नका. १९३ त्याहून जास्त वाढत असेल तर फॅटरेसची एका तासाची नोंद पत्रासोबत पाठवा, कोण उठवतंय ते त्यातून शोधून काढू.